लिंडेनाउ मंडळातलं शेवटचं जर्मन भाषण

दुभाष्याच्या कामाबद्दल लोकांचे बरेच गैरसमज असतात. त्यातला एक म्हणजे दोन भाषा आल्या की काम झालं. दुसरा असा, की बोलणारा जे बोलतो त्याला आमची संमती असते. पहिल्या समजापायी मला आयुष्यभर फुकट सल्ले मिळाले आणि दुसऱ्यापायी एका मंडळातून नारळ. संपादिकाबाईंनी "कामातल्या गमती लिहा" म्हणून फर्मावलं आहे. गमती आहेत, त्या आधी उरकते.

आमच्या वेळी नारायण पेठेतून जर्मन शिकायला जाणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. बहुतेकींनी पुढे शिकवण्या घेतल्या, काही लग्न करून तिकडे गेल्या. मला शिकवायचा कंटाळा होता आणि तिकडे नेणारं कोणी भेटलं नाही, म्हणून मी दुभाषी झाले.

या कामाचे मुख्य प्रकार दोन. एकात काचेच्या खोलीत बसून कानांनी ऐकायचं आणि त्याच वेळी तोंडाने बोलायचं. ते फार वेळ झेपत नाही, जोडीदार लागतो. दुसऱ्यात बोलणारा चार वाक्यं बोलून थांबतो, आपण ती सांगायची, मग तो पुढे जातो. माझं बहुतेक आयुष्य या थांबत थांबत बोलण्यात गेलं. त्यातला पहिला नियम असा की बोलणारा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं. 'ते म्हणतात की' असं नाही. एकदा 'ते म्हणतात' सुरू झालं की दुभाष्या बाजूला उभा राहून बातम्या द्यायला लागतो, आणि बातमीत मीठमसाला घालायचा मोह कोणाला सुटलाय? या नियमापायी मी भर सभेत "माझ्या बायकोला तुमची हवा मानवत नाही" असं म्हटलेलं आहे, आणि एका शवविच्छेदन तज्ज्ञाच्या वतीने "काल मी चार कापले" असंही.

चाकणच्या एका कारखान्यात जर्मन इंजिनियर नवीन यंत्र बसवायला आला होता. जोडणी चुकलेली पाहून तो भडकला. मी सांगितलं, "हे काम कोणत्या गाढवाने केलंय?" फोरमन शिंदे शांतपणे म्हणाले, "बाई, त्यांना सांगा, गाढवाला पुस्तक जर्मनमध्ये दिलं होतं." मी तेही सांगितलं. इंजिनियर इतका हसला की दुपारी दोघं एका डब्यात जेवले. माझं कोणाला काही नाही.

मार्केट यार्डातले एक कांद्याचे अडते जर्मन प्रतवारी यंत्र बघायला तयार झाले होते. विक्रेत्याने अर्धा तास यंत्राचे गुण सांगितले, मी घसा बसेपर्यंत सांगितले. अडत्यांनी एक कांदा उचलला, अंगठ्याने दाबला आणि म्हणाले, "हा आतून सडलाय. ह्यांच्या यंत्राला विचारा." कांदा यंत्रातून पहिल्या प्रतीत गेला. तो त्यांनी माझ्यासमोर चिरला. आत काळा. विक्रेता मला म्हणाला, हे सांगू नका. मी म्हटलं, काय सांगू नको? बघतायत ते.

झाल्या गमती.

कारखान्यांची कामं पोटाची. वर्षातून एक काम मात्र मी मनापासून करत असे. पुण्यात एक लिंडेनाउ विचार अभ्यास मंडळ आहे. लिंडेनाउ हे गेल्या शतकातले जर्मन धर्मचिंतक. प्रोटेस्टंट, विद्यापीठात प्राध्यापक. त्यांच्या विचारांवर मंडळाचं दरवर्षी दिवाळीनंतर दोन दिवसांचं संमेलन भरतं, शुक्रवार-शनिवार, कारण रविवारी पाळकांना उपासना असते. कॅम्पातलं एक जुनं सभागृह, लाकडी खुर्च्या, दुपारी पुलाव आणि रस्सा. सोलापूर, नगर, जालना, मिरज अशा ठिकाणांहून पाळक येतात, धर्मशास्त्राचे विद्यार्थी येतात, तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक येतात. त्यात आमच्या पेठांतलेही दोघं-तिघं असत, त्यांना निबंधापेक्षा प्रश्न विचारण्यात रस असे. बहुतेक वर्षी जर्मनीहून एखादा पाहुणा येई, आणि व्यासपीठावर त्याच्या शेजारी मी.

मी ख्रिस्ती नाही. देवाचं माझं फारसं बोलणं नसतं. पण लिंडेनाउंची भाषा मला आवडायची. भल्याभल्या जर्मन पंडितांचं क्रियापद पानाच्या तळाशी सापडतं. यांची वाक्यं छोटी, सरळ. त्यांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक क्षमेवरचं. त्यात दुखावलेल्या माणसाच्या कर्तव्यावर एक प्रकरण आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अन्याय करणारा आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो, दोघंही एकाच कोठडीत बंद असतात आणि किल्ली असते दुखावलेल्याकडे. त्याने क्षमा केली नाही तर दोघंही आतच. म्हणून पहिलं पाऊल त्याने टाकायचं, समोरच्याची वाट न बघता. हे मराठीत फार छान वाटतं. अनेक वर्षं, निरनिराळ्या पाहुण्यांच्या तोंडून, मीच ते त्या सभागृहाला सांगितलं आहे. मागच्या रांगांतल्या बायका पदराने डोळे पुसायच्या.

त्या बायकांना आणायच्या मार्थाबाई पगारे. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, राहायला बिबवेवाडीत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या घरी चर्चच्या मंडळीतल्या बायका जमत आणि मार्थाबाई त्यांना लिंडेनाउ समजावून सांगत. मराठी अनुवाद मंडळाच्या अध्यक्षांनी, डॉ. साळवे यांनी, इंग्रजीवरून केलेला होता. मार्थाबाईंना त्यात काही खटकलं की त्या मला फोन करत.

"ताई, मूळ जर्मनमध्ये क्षमा आहे का माफी?"

"त्यांनी वापरलेला शब्द दोन्हीला चालतो."

"मग आपण क्षमा घेऊ. माफी कोणीही मागतं, बसमध्ये पाय पडला तरी. क्षमा मोठी असते."

मी म्हणत असे, घ्या. त्यांना वाद आवडायचा, मला तो ऐकायला आवडायचा. अशी आमची मैत्री जमली. त्यांना करुणा नावाची मुलगी होती, दवाखान्यात नर्स. ती नवऱ्यापासून वेगळी राहते एवढंच मला माहीत होतं. मार्थाबाई तिच्याबद्दल बोलत नसत आणि मी विचारत नसे. पुण्यात याला सभ्यता म्हणतात.

काही वर्षांपूर्वीच्या संमेलनाला मंडळाने डॉ. रेनाटे फोग्ट यांना बोलावलं. लिंडेनाउंच्या हाताखाली प्रबंध केलेल्यांपैकी मोजकेच आता हयात आहेत, त्यातल्या या एक. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. साळवे सर फार खुशीत होते. त्यांनी स्वतः पत्रिका लिहिली, विषय ठरवला: 'गुरुवर्यांच्या सहवासात'. मला म्हणाले, "जोगळेकरबाई, यंदा आपल्याला निबंध ऐकायचा नाहीये. यंदा आठवणी. आपण जरा रसाळ भाषा ठेवा."

मी पाहुण्यांकडे आदल्या दिवशी भाषणाची प्रत मागते. फोग्टबाई म्हणाल्या, प्रत नाही, तोंडीच बोलणार. बारीक अंगाच्या, पांढरे केस कापलेले, गळ्यात चष्म्याची दोरी. मी विचारलं, काही अवघड शब्द आहेत का, म्हणजे तयारी करून ठेवीन.

"शब्द सोपे आहेत," त्या म्हणाल्या. "फक्त एक विनंती. सगळं सांगा."

मला वाटलं, वयानुसार काळजी करतायत.

सुरुवात साळवे सरांच्या मनासारखी झाली. प्राध्यापकांचा पाइप, विद्यार्थ्यांना घरी बोलावून सूप वाढायची त्यांची पद्धत, एकदा प्रवचनाला दोन पायांत दोन वेगळे बूट घालून आले ती हकीकत. सभागृह हसलं. साळवे सर मान डोलावत होते.

मग फोग्टबाईंनी पाण्याचा घोट घेतला. त्या बोलत गेल्या आणि मी सांगत गेले.

"मी चोवीस वर्षांची होते. प्रबंधासाठी त्यांच्या हाताखाली काम करत होते. संध्याकाळी बाकीचे गेले की ते मला थांबवून घेत. दार आतून लावून घेत."

पहिल्या दोन वाक्यांना माझ्या आवाजात काहीच फरक पडला नाही. इतक्या वर्षांची सवय आहे, तोंड आपोआप चालतं. तिसरं सांगताना माझ्या लक्षात आलं की सभागृहातला पंख्यांचा आवाज ऐकू येतोय.

"ते जे करत त्याला तेव्हा मला नाव देता आलं नाही. आज येतं. ते माझ्या मनाविरुद्ध होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. माहीत होतं असं मी म्हणते, कारण प्रत्येक वेळी नंतर ते माझ्यासमोर गुडघे टेकत आणि क्षमा मागत. मी 'केली' म्हणेपर्यंत उठत नसत. मला घरी जायचं असे. मी 'केली' म्हणत असे."

हे सगळं मी 'मी' म्हणत सांगितलं. साठीची, सुती साडीतली, नारायण पेठेतली बाई त्या व्यासपीठावर उभी राहून म्हणत होती, मला घरी जायचं असे. समोरच्या रांगेतले एक पाळक, ज्यांनी मला कित्येक वर्षं नमस्कार केला आहे, माझ्याकडे असे बघत होते की जणू हे मीच केलंय.

साळवे सर माझ्याकडे झुकले. ओठ न हलवता म्हणाले, "बाई, गोषवारा सांगा."

"सर, गोषवारा समारोपात आपण सांगा. त्या माझ्यासाठी थांबल्यात."

"हे शब्दशः नको. लोक दुखावतील."

मी त्यांच्याकडे पाठ केली. माझ्या धंद्यात याहून मोठं बंड करता येत नाही. फोग्टबाईंना मराठी कळत नव्हतं, पण काय चाललंय ते त्यांना बरोबर कळलं. त्या आणखी हळू बोलू लागल्या, मला एकही शब्द गाळायला जागा राहू नये इतक्या हळू. त्या एकट्या नव्हत्या, हे त्यांना फार उशिरा कळलं होतं. आधीही होत्या, नंतरही होत्या. त्यांपैकी एकीने शिक्षण सोडलं. विद्यापीठातल्या वरिष्ठांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांनी लिंडेनाउंना लेखनासाठी लांब रजा दिली.

भाषण संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. साळवे सर उठले आणि माइकपाशी येऊन म्हणाले, "पाहुण्यांचे आपण ऋणी आहोत. वेळेअभावी प्रश्नोत्तरं होणार नाहीत. चहा तयार आहे."

मागच्या रांगेतून मार्थाबाई उभ्या राहिल्या. "साळवे सर, चहा थांबेल."

"मार्थाबाई, आपण नंतर वैयक्तिक—"

"मला वैयक्तिक विचारायचं नाहीये. मला इथेच विचारायचंय." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, त्यांना विचारा, त्यांनी क्षमा केली का?"

मी विचारलं. फोग्टबाईंनी मार्थाबाईंकडे बघतच उत्तर दिलं, आणि मी ते सांगितलं:

"त्यांनी इतक्या वेळा मागितली, आणि मी इतक्या वेळा हो म्हटलं, की ते हो माझं राहिलंच नाही. आता ते नाहीत. आता मागणारं कोणी नाही. म्हणून आता मला खरं सांगता येतं. नाही. मी क्षमा केलेली नाही."

मार्थाबाई अजून उभ्याच होत्या. त्यांच्या हातात ते पुस्तक होतं, प्रत्येक संमेलनाला असे तसं. "आणि ते दुखावलेल्याच्या कर्तव्याचं प्रकरण? ते त्यांनी कधी लिहिलं?"

"त्याच हिवाळ्यात," मी फोग्टबाईंच्या वतीने म्हणाले. "मीच ते टाइप केलं."

मार्थाबाई खाली बसल्या. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी नुसती हातात घेतली. लोक चहाला गेले. कधी कोणी एवढ्या तत्परतेने चहाला गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुपारी पाहुण्यांच्या टेबलावर मी आणि फोग्टबाई दोघीच होतो. एरवी तिथे बसायला चढाओढ असे. त्यांनी विचारलं, "त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही का?"

मी म्हटलं, "ठेवला. नसता ठेवला तर वाद घातला असता. पुण्यात लोक खोट्याशी तासन्‌तास भांडतात."

त्या पहिल्यांदा हसल्या. पुलाव मात्र दोघींनीही टाकला.

पंधरवड्याने मंडळाच्या कार्यकारिणीने मला बोलावलं. चार पुरुष आणि एक नन, जिने सबंध बैठकीत टेबलाकडे बघण्याचं काम केलं. साळवे सर अत्यंत सौजन्याने बोलत होते. सौजन्य ही त्यांची खासियत आहे.

"बाई, आपल्यावर आमचा रोष नाही. पण आपण ते 'नाही' जरा ठासून म्हणालात, असं काहींचं मत पडलं."

"त्या ठासून म्हणाल्या होत्या."

"जर्मन माणसाचं नेहमीचं बोलणंही आपल्याला ठासून वाटतं. दुभाष्याने ते सौम्य करायला हवं, नाही का?"

"मग त्यांनी लिंडेनाउंची स्तुती केली असती तर तीही सौम्य करायची होती का?"

मग एका प्राध्यापकांनी विचार आणि विचारवंत यांत फरक कसा करावा लागतो हे समजावून सांगितलं. विहिरीचं पाणी गोड असेल तर विहीर कोणी खणली हे विचारू नये, असा त्यांचा दृष्टान्त होता. मी विचारलं, "आणि विहिरीत कोणी पडलं असेल तर?" त्यावर चहा आला. चहा या मंडळाला फार मोठा आधार आहे.

त्या वर्षीच्या अहवालात फोग्टबाईंचं भाषण नाही. ध्वनिमुद्रणात तांत्रिक अडचण आल्याचं छापलं आहे. पुढच्या संमेलनाचा विषय होता 'लिंडेनाउ आणि पर्यावरण'. मला साळवे सरांचा फोन आला, की यंदा पाहुणे इंग्रजीतच बोलणार असल्याने आपल्याला त्रास देत नाही. मागच्या रांगांतल्या बायकांना इंग्रजी कळत नाही, हे मी बोलून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांना नंतर सारांश देऊ." अखेर गोषवारा त्यांनी मिळवलाच.

मला वाईट वाटलं ते काम गेल्याचं नव्हे, कामं काय, पुष्कळ होती. वाईट याचं वाटलं, की त्या सभागृहात मला मान देणारी माणसं माझा आवाज आवडतो म्हणून मान देत होती, आणि तो आवाज एकदा त्यांना नको ते बोलला, तेव्हा तो कोणाचा होता हे विचारायचंही कोणाला सुचलं नाही.

मार्थाबाईंनी गुरुवारचा वर्ग बंद केला. बायकांना त्यांनी एवढंच सांगितलं, की मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, आता काय बरोबर ते मला माहीत नाही. दोघी-तिघी रागावल्या. एक म्हणाली, "बाई, मी तुमचं ऐकून दिराला माफ केलं. आता मी काय करू?" हे मार्थाबाईंनी मला फोनवर सांगितलं, शाळेच्या निरीक्षकांना सांगावं तशा आवाजात. मग म्हणाल्या, "ताई, रविवारी माझ्याबरोबर धनकवडीला याल का? करुणाकडे."

"मी? मायलेकींच्यात मी काय करू?"

"मी बोलायला लागले की माझा उपदेश सुरू होतो. शिक्षिकेची जीभ आहे. तुम्ही शेजारी बसा. उपदेश सुरू झाला की मला थांबवा."

रिक्षात त्यांनी मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. करुणा लग्न होऊन नगरला गेली होती. नवरा मारायचा. एकदा ती मोडलेलं मनगट घेऊन बिबवेवाडीला आली. मार्थाबाईंनी हाडाच्या डॉक्टरकडे नेऊन प्लास्टर घातलं, आठवडाभर ठेवून घेतलं, आणि रोज संध्याकाळी तिला ते प्रकरण वाचून दाखवलं. मग स्वतः बसमध्ये बसवून परत पाठवलं. पुढची दोन वर्षं तिथे काय झालं ते करुणाने आईला कधी सांगितलं नाही. शेवटी ती आईकडे न येता थेट एका मैत्रिणीकडे गेली, तिथून नोकरी शोधली, तिथून कोर्टात.

"मला वाटायचं, माझी मुलगी क्षमा करू शकली नाही," मार्थाबाई म्हणाल्या. "मी तिच्यासाठी प्रार्थना करायचे."

करुणाने दार उघडलं. चाळिशीची, उंच, दवाखान्यातून आल्यासारखी केस घट्ट बांधलेली. आईला बघून ती बाजूला झाली, मला "या" म्हणाली. घर छोटं आणि लख्ख होतं. तिने चहा ठेवला. कप देताना तिचं डावं मनगट पूर्ण वळत नव्हतं, ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिने पाहिलं.

मार्थाबाईंनी सगळं सांगितलं. फोग्टबाई, बंद दार, टाइप केलेलं प्रकरण. उपदेश एकदाही सुरू झाला नाही, मला काहीच करावं लागलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "करुणा, मी तुला तेव्हा परत पाठवायला नको होतं. मी तुझी—"

"थांब आई." करुणाचा आवाज चढलेला नव्हता. "मला एक सांग. तू पुस्तक वाचून मला परत पाठवलंस. आता ते लिहिणारा माणूस वाईट निघाला म्हणून आलीस. तो चांगला असता तर आली असतीस?"

माझ्या सबंध कारकिर्दीत एवढा सोपा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि त्याच्या उत्तराला एवढा वेळ लागला नव्हता.

"नाही," मार्थाबाई म्हणाल्या. "आले नसते."

"माझा हात मोडलेला तुला दिसत होता. तो पुरेसा नव्हता. एका जर्मन बाईने येऊन सांगावं लागलं."

"हो."

"मग मी आता काय म्हणायचं? केली, म्हणू? म्हणजे तू बरं वाटून घरी जाशील?"

"नको म्हणूस," मार्थाबाई म्हणाल्या.

करुणाने कप उचलून नेले आणि मोरीत विसळले. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मला ड्यूटी आहे." आम्ही उठलो. जिन्यात मार्थाबाईंनी कठडा धरला, पण माझा हात घेतला नाही.

लिंडेनाउ मंडळाचं संमेलन दरवर्षी होतं. परवाच पत्रिका पाहिली, छपाई चांगली आहे, लिंडेनाउंचा तोच फोटो आहे, पाइपसकट. साळवे सरांच्या अनुवादाची नवी आवृत्ती आली, तिच्या प्रस्तावनेत 'लेखकाच्या खासगी जीवनाविषयी अलीकडे उपस्थित झालेले काही प्रश्न' असं अर्धं वाक्य आहे. उरलेल्या अर्ध्यात ते प्रश्न बाजूला ठेवले आहेत. फोग्टबाई मला नाताळात शुभेच्छा पाठवतात. त्यांच्याकडेही संमेलनं होतात, आणि त्यांनाही आता कोणी बोलावत नाही.

मार्थाबाई दर रविवारी उपासनेनंतर धनकवडीला जातात. काही रविवारी करुणा दार उघडते, चहा देते, दोघी टीव्ही बघतात. काही रविवारी आत पंख्याचा आवाज येत असतो आणि दार उघडत नाही. मग मार्थाबाई जिन्यात थोडा वेळ बसतात आणि बस पकडून परत येतात. पायऱ्या चढून त्यांचे गुडघे दुखतात. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, निघताना एक फोन करून विचारत जा ना. एवढी फेरी वाया जाते."

"नाही ताई," त्या म्हणाल्या. "फोन केला तर तिला 'ये' म्हणावं लागेल."